ऊसतोडीला जाणाऱ्या घरांसाठी केस-फाईल नव्याने बांधताना : जून २०२४ ते मे २०२५ च्या नोंदी

बीड जिल्ह्यात, बालाघाटच्या डोंगरपट्ट्यात, आमची छोटी संस्था बायका-मुलांच्या अडचणींवर काम करते. एमएसडब्ल्यूला, म्हणजे समाजकार्याच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला, शिकवलेली केसवर्कची (एकेका माणसाची अडचण समजून घेऊन मदत करण्याची) पद्धत आणि तिचा छापील फॉर्म इथल्या ऊसतोड कुटुंबांना लागू पडत नव्हता. तो मोडून नवा केला, त्या कामाच्या या नोंदी. कुणाला आपल्या भागात असं काही करायचं असेल तर आमचा गेलेला वेळ आणि पैसा त्यांचा तरी वाचावा. ओळख पटेल असे सगळे तपशील काढले आहेत.

१२ जून २०२४

कपाटातल्या जुन्या फायली जमिनीवर पसरल्या आणि बंद झालेल्या महिन्याप्रमाणे गठ्ठे लावले. सगळ्यात उंच गठ्ठा ऑक्टोबर-नोव्हेंबरचा. शेरा बहुतेकींवर एकच : 'लाभार्थी संपर्कात नाही'. बाई कुठे गेली हे गावातल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं, कारखान्यावर. फाईलला माहीत नव्हतं, कारण फॉर्मात पत्त्याची ओळच एक.

मग फॉर्म ओळीने वाचला. त्यात धरून चाललेलं असं : माणूस एकटा येतो, एका पत्त्यावर राहतो, स्वतःची अडचण स्वतःच्या तोंडाने सांगतो, दर आठवड्याला येतो, शेवटी अडचण सुटते आणि फाईल मिटते. अमेरिकेतल्या समाजकार्यकर्त्या मेरी रिचमंड यांनी १९१७ साली केसवर्कची जी मांडणी केली ती बाल्टिमोर, फिलाडेल्फियासारख्या शहरांतल्या धर्मादाय कामाच्या अनुभवावर. आपल्याकडे १९३६ मध्ये मुंबईत सर दोराबजी टाटा यांच्या नावाने समाजकार्याचं पहिलं विद्यालय निघालं, आजची टाटा सामाजिक विज्ञान संस्था. तिचे पहिले संचालक क्लिफर्ड मॅन्शार्टही अमेरिकेतून आलेले. आमच्या कपाटापर्यंत फॉर्म याच वाटेने आला. फॉर्मवर राग नाही. ज्या गल्ल्यांसाठी तो झाला तिथली माणसं दिवाळी झाली की पाच-सहा महिने घराला कुलूप लावून जात नव्हती, एवढंच.

ठरलं : आधी फॉर्म, मग भेटीची पद्धत, मग बैठक. हा क्रम पुढे टिकला नाही.

२९ जून

पहिला कच्चा मसुदा. नियम एकच ठेवला, ज्या उत्तराने आपलं पुढचं पाऊल बदलणार नाही तो प्रश्न काढायचा. निम्मी पानं गेली. भर पडली ती अशी : कोयता कुणाबरोबर, मुकादम कोण, उचल किती आणि कुणी घेतली, हंगामात कुठे, मुलं बरोबर की आजीकडे की हंगामी वसतिगृहात, माहेरी विचारणारं कोण.

बाहेरच्यांसाठी : मुकादम म्हणजे तोडणीसाठी मजूर जमवणारा ठेकेदार. तोडणीत नवरा-बायको मिळून एक कोयता मोजतात. उचल म्हणजे आगाऊ रक्कम कोयत्यावर मिळते आणि बहुतेक ठिकाणी ती नवऱ्याच्या हातात पडते. अर्धा कोयता बाईचा, कर्जही निम्मं तिचं, आकडा मात्र तिला माहीत नसतो. नवरा वारलेल्या किंवा सोडून गेलेल्या बाईला जोडीदाराशिवाय उचल मिळणं मुश्कील. मग ती भाऊ, दीर, पोरगा, कुणाला तरी जोडून घेते. त्या जोडीतून होणारे त्रास आमच्या जुन्या फॉर्ममध्ये 'कौटुंबिक समस्या' या खणात पडून राहायचे. वय भरायच्या आत पोरींची लग्नं लावतात, त्यामागेही नवा कोयता उभा करण्याची घाई असते. तो प्रश्नही जुन्या फॉर्मात 'शिक्षण सुटण्याचे कारण' एवढ्यावर संपायचा.

मसुदा घेऊन गेलो आणि पहिल्याच भेटीत उचल विचारली. पुरुष गप्प, बायका घरात. कुणी तरी मुकादमाकडून चौकशीला आलंय असा समज झाला. एका वाडीवर पुढचे कित्येक दिवस आमच्याशी कुणी धड बोललं नाही. उचलीचा प्रश्न तिसऱ्या भेटीवर ढकलला, आणि तो बाईने स्वतः काढला तरच.

१७ जुलै

आषाढी एकादशी. गावं रिकामी, जे उरलेत ते पेरणीच्या मागच्या कामांत. आमच्या तिमाही आराखड्यात याच आठवड्यात 'गृहभेटी' लिहिलेल्या. आराखडा एप्रिल ते मार्च असा, देणगीदाराच्या वर्षाप्रमाणे. भिंतीवर कालनिर्णय टांगलं होतं, पण आराखडा करताना त्याकडे कुणी पाहिलं नाही. आता त्यावरच पेनाने खुणा केल्या : नागपंचमी, पोळा, गौरी, घट, दसरा, भाऊबीज, गाड्या निघण्याचे दिवस, पट्टा पडण्याचा म्हणजे हंगाम संपण्याचा अंदाज.

९ ऑगस्ट

नागपंचमी. सासुरवाशिणी माहेरी आलेल्या. आमची एक कार्यकर्ती स्वतःच्या माहेरी गेली होती, तिथे शेजारची लेक दुपारभर तिच्याशी बोलत बसली. हीच बाई वर्षभर आमच्या फाईलवर होती, सासरच्या ओट्यावर तीनेक वाक्यांपलीकडे कधी गेली नव्हती. सासरी आमच्या भेटीला सासू चहा घेऊन यायची आणि तिथेच बसायची. त्याला आम्ही गृहभेट म्हणत होतो.

फॉर्मात आता दोन घरं. पहिलं सविस्तर बोलणं शक्य तिथे माहेरी, आणि त्यासाठी वर्षातले ठरलेले दिवस : पंचमी, गौरी, भाऊबीज.

अडचण लगेच आली. माहेर दुसऱ्या तालुक्यात, आणि अनुदान ठरावीक गावांपुरतं. 'लाभार्थी कार्यक्षेत्राबाहेरील' म्हणून पेट्रोलची बिलं परत आली. पत्रव्यवहारात ऑगस्टचा उरलेला महिना गेला. शेवटी देणगीदाराने 'प्रवास, संदर्भ सेवा' या शीर्षाखाली मान्य केलं. हे शीर्ष बहुतेक अंदाजपत्रकात असतं, आधीच वापरा.

२२ ऑगस्ट

गोपनीयतेसाठी समाजमंदिरातली एक खोली मागून घेतली होती. दोन खुर्च्या, दाराला पडदा. खोलीत बाई शिरली की गल्लीला कळायचं की हिचं काही तरी आहे. बंद दारानेच बोभाटा झाला. खोली सोडून दिली.

चाललं ते काम करता करता बोलणं. जळण आणताना, मटकी निवडताना, रानात जाण्याच्या वाटेवर. दोघी कामात असल्या की तिसरी कान देत नाही, आणि नजरेला नजर द्यावी लागत नाही म्हणून अवघड गोष्टही सुटते. याची किंमत आहे. बोलताना लिहिता येत नाही. टिपण रात्री, आठवून. त्यात तपशील गळतात. फोनवर ध्वनिमुद्रण करावं असं एकाने सुचवलं, ते पहिल्याच बैठकीत नामंजूर केलं. आणि ज्याला खुरपं धरता येत नाही तो कार्यकर्ता या पद्धतीत निरुपयोगी. आमच्यातले दोन तरुण कागदपत्रं आणि दवाखाना या कामाकडे वळवले, ते जरा नाराज आहेत.

१६ सप्टेंबर

कुटुंबाची बैठक, पहिला प्रयोग. आधार दोन. न्यूझीलंडने १९८९ च्या कायद्यात मुलांच्या प्रश्नांसाठी कुटुंब-परिषद आणली, ती माओरी लोकांच्या नात्यागोत्याने बसून निर्णय घेण्याच्या रीतीवरून. दुसरा आधार घरचा. मुंबई पोलिसांबरोबर १९८४ मध्ये टाटा संस्थेने महिला व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. समाजकार्यकर्ती पोलिसांच्या जागेत बसते, दोन्ही बाजूंना समोर घेते. आमच्या डोक्यात आलं, गावात भावकीची बैठक आहेच, तीच वापरू. पितृपक्ष लागायच्या आत उरकायचं म्हणून घाईने दिवस धरला.

बैठक ओसरीवर. भावकीतले पुरुष सतरंजीवर. बाई उंबऱ्याच्या आत, पदर तोंडावर. तिच्या माहेरचा एकटा चुलता, तोही पाहुण्यासारखा कडेला. वडीलधाऱ्यांनी दोन्हीकडून समजूत घातली, नवऱ्याला दारू कमी करायला सांगितलं, तिला नांदायला. सगळ्यांनी माना हलवल्या. इतिवृत्तात आमच्या हाताने लिहिलं : 'सर्वसंमतीने निर्णय'. चहा झाला.

बाई दुसऱ्या दिवसापासून आमच्या कार्यकर्तीला पाहून वाट बदलते.

२६ सप्टेंबर

या बैठकीवर आमच्यात बरंच भांडण झालं. एकाचं म्हणणं, परक्या पद्धती टाकायच्या तर लोकांची पद्धत जशी आहे तशी घ्यावी लागेल. दुसरीने त्याला विचारलं, जातपंचायतही लोकांचीच पद्धत होती, मग २०१६ मध्ये महाराष्ट्राला सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा का करावा लागला?

माझं मत इथे पक्कं झालं. इथलं की तिथलं, या प्रश्नावर काम ठरवलं की माणूस भावकीच्या ओसरीवर जाऊन पोचतो. आपल्याकडच्या समाजकार्याची सुरुवात शोधायची तर ती चालीरीतींच्या विरोधात उभी राहिलेली सापडते. जोतिराव-सावित्रीबाईंनी १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. फसवल्या गेलेल्या विधवेने तिथे यावं, गुप्तपणे बाळंत व्हावं, मूल ठेवून जावं किंवा घेऊन जावं. भावकीला विचारण्याची अट नव्हती. पुस्तकात गोपनीयता पाश्चात्त्य व्यावसायिक तत्त्व म्हणून येते. पुण्यात ती रिचमंडबाईंच्या पुस्तकाच्या पन्नासेक वर्षं आधी पाळली जात होती, आणि ती इथल्या बाईची गरज होती म्हणून. तेव्हा गोपनीयता राहील. गेली ती फक्त खोली.

बैठकीचे नियम बदलले. कोण येणार हे बाई सांगणार, आधी आणि एकटीत. माहेरची माणसं सासरच्यांपेक्षा कमी असतील तर बैठक पुढे. बायका निम्म्या तरी हव्यात. जागा सासरची ओसरी नको. शाळा, देऊळ, कुणाचं खळं चालेल. निर्णय त्याच दिवशी लिहायचा नाही. दोन दिवसांनी बाईला एकटीला विचारून मगच. आणि मारहाण असेल तर बैठकच नाही. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली संरक्षण अधिकाऱ्याकडे थेट. शेवटच्या नियमावर कुणीही, कितीही वडीलधारं असो, सूट मागू शकत नाही.

गौरी होऊन गेल्या होत्या, म्हणून माहेरची माणसं गोळा करायला पुढची संधी भाऊबीजेचीच. तोपर्यंत दोन बैठका लांबल्या.

१५ ऑक्टोबर

दसरा झाला, उचली वाटून होत आल्या. आता प्रश्न मुकादमाचा. एका प्रशिक्षकाने सुचवलं होतं की मुकादम हा त्या समूहाचा नैसर्गिक नेता, त्यालाच तयार करा. ऐकायला बरं वाटतं. पण ज्याच्याकडे बाई पैसे देणं लागते त्याच्याकडे ती आपलं दुखणं नेणार कशी? बरं, मुकादम बहुतेक वेळा गावातलाच, नात्यातला. त्याला टाळताही येत नाही, कारण हंगामात टोळीशी, म्हणजे त्याच्या हाताखालच्या तोडणी मजुरांशी, बोलायचा खात्रीचा फोन त्याचाच. ठरलं ते असं : मुकादमाचा नंबर फाईलमध्ये 'निरोप' या ओळीत. निरोप फक्त दवाखाना, शाळा, रेशन यांचा. बाकी एक अक्षर नाही.

मग टोळीत आपलं माणूस कोण? जामखेड इथून लांब नाही. रजनीकांत आणि मेबल आरोळे या डॉक्टर जोडप्याने तिथे १९७० मध्ये काम सुरू केलं तेव्हा शिकलेल्या नर्सबाई गावात ठेवून पाहिल्या, त्या टिकेनात. मग गावातल्याच बायका निवडल्या, कित्येक निरक्षर, कित्येक दलित, आणि पुढे त्यांनीच बाळंतपणं आणि पोरांचे आजार सांभाळले. आम्ही प्रत्येक टोळीत विचारलं, रात्री कळा सुरू झाल्या तर कुणाला उठवता? नाव लगेच यायचं, बहुतेक वेळा एकच. तीच निवडली, टोळीची मावशी म्हणून. ठराव नाही, मतदान नाही.

प्रशिक्षण दोन दिवसांचं निवासी ठेवलं होतं. कुणी येईना, निघायच्या तयारीत घर सोडणार कोण. चित्रांच्या तक्त्यांवर केलेला खर्च गेला. शेवटी संध्याकाळी, वाडीवरच, एकेकीने पाहिलेलं एकेक प्रकरण सांगायचं आणि बाकीच्यांनी 'तू काय केलं असतंस' ते बोलायचं. फार चांगलं चाललं. त्यांना आमच्याकडून हवे होते ते कायद्याचे आणि दवाखान्याचे तपशील. माणसं कशी बोलती करायची हे त्यांनी आम्हाला शिकवलं.

मानधन आम्ही धरलंच नव्हतं, सेवाभाव वगैरे. एक मावशी सरळ म्हणाली, "तुम्हाला पगार आहे ना, ताई?" यावर उत्तर नव्हतं. हंगामात महिना १,५०० रुपये आणि फोनचं रिचार्ज. स्थानिक पद्धतीच्या नावाखाली बाईकडून फुकट काम काढून घेणं हा जुनाच धंदा आहे.

१० नोव्हेंबर

यंदा गळीत हंगाम १५ तारखेला सुरू, २० ला विधानसभेचं मतदान. टोळ्या जाणार की थांबणार यातच सगळी. गडबडीत आमचं प्रवासकार्ड तयार झालं : बाईने बरोबर न्यायचं, एकच कागद, प्लॅस्टिकमध्ये. पहिल्या छपाईत वरच ठळक अक्षरांत 'कौटुंबिक हिंसा साहाय्य' आणि संस्थेचं नाव. एका टोळीतल्या बाईनेच दाखवलं की हे कार्ड नवऱ्याच्या पिशवीतूनच जाणार. सगळा गठ्ठा रद्द. ४,८०० रुपये गेले.

नव्या कार्डावर वरती मुलांचं लसीकरण, गरोदरपणाच्या तपासण्या, रेशनकार्ड दुसऱ्या जिल्ह्यात चालतं ही माहिती. खाली फोनची यादी, रुग्णवाहिका १०८, मुलांसाठी १०९८, महिलांसाठी १८१, पोलिसांसाठी ११२, आणि त्यांतच टोळीतल्या मावशीचा आणि आमचा नंबर. खरी फाईल कचेरीत, कुलपात. भाऊबीजेला लांबलेल्या दोन्ही बैठका झाल्या, एक माहेरच्या खळ्यावर. ती चार तास चालली. तिथे बाई बोलली, तिच्या आधी तिची आत्या बोलली.

१८ डिसेंबर

थळावर, म्हणजे हंगामात टोळ्या कोप्या (तात्पुरत्या झोपड्या) टाकून राहतात तिथे. पहाटे अंधारात बायका फडात, दिवसभर तोडणी, मोळ्या बांधणं, डोक्यावरून गाडीत चढवणं. कोपीवर आल्या की चूल, पाणी, पोरं. आम्ही दुपारी पोचलो तेव्हा कोपीत एक बाळंतीण आणि शेळी. दुसऱ्या दिवशी फडात गेलो तर आमच्याशी बोलण्यात हात थांबतो म्हणून मुकादम कावला. त्याचंही चूक नव्हतं, गाडी भरायची होती.

बाजारच्या दिवशी मात्र सगळ्या भेटतात. आठवड्याची खर्ची (घरखर्चाला मिळणारे पैसे) हातात येते, बायका बाजाराला निघतात, तेवढे तास त्या कुणाच्या नजरेखाली नसतात. फॉर्ममधला 'साप्ताहिक पाठपुरावा' हा खण काढायचा ठरवलं होतं, तो ठेवला. वार आता बाजाराचा.

७ जानेवारी २०२५

टोळीतल्या मावशीचा फोन. तिशीच्या आतली बाई, ओटीपोटात दुखतं, अंगावरून जातं. एका खासगी डॉक्टरने पिशवी, म्हणजे गर्भाशय, काढायला सांगितलं. बाईलाही काढायचीच आहे.

बीडमधल्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांवर २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली होती. सुमारे ८२ हजार ऊसतोड बायकांच्या पाहणीत १३ हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली निघाली. त्यानंतर जिल्ह्यात खासगी रुग्णालयांना अशा शस्त्रक्रियेआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घ्यावी लागते. पण बाई आता दुसऱ्या जिल्ह्यात.

वर्गात शिकवतात, निर्णय ज्याचा त्याचा, कार्यकर्त्याने आपलं मत लादू नये. आमच्यातल्या नव्या मुलीने तेच म्हटलं. पण हा निर्णय कशातून आलाय? फडात आडोसा नाही, पाळीत काम थांबलं तर खाडा पडतो आणि खाड्याचे पैसे कापले जातात, पिशवी ठेवली तर कॅन्सर होईल ही भीती घातलेली. तिची निवड मान्य करण्याआधी तिच्यासमोर दुसरा रस्ता तरी उघडा हवा. म्हणून एकच सांगितलं : सरकारी रुग्णालयात दाखवू, सोनोग्राफी करू, मग तू म्हणशील ते. मावशी सोबत गेली. दोघींचे खाडे आम्ही भरून दिले. जंतुसंसर्ग निघाला, औषधं सुरू झाली. शस्त्रक्रिया सध्या नाही. पुढच्या हंगामातही ती हेच म्हणेल का, सांगता येत नाही.

हिशेबनिसाने आक्षेप घेतला, 'खाडा' हे कुठलं शीर्ष? तीन पत्रं झाली. आता अंदाजपत्रकात 'रोजगार बुडी भरपाई' अशी ओळ आहे. असं काम करणार असाल तर ही ओळ पहिल्या दिवसापासून घाला. तिच्याशिवाय दवाखान्याचा सल्ला हा नुसता सल्लाच राहतो.

१५ जानेवारी

संक्रांतीला कोप्यांवर हळदीकुंकू ठेवावं, बायका आपोआप जमतील, असं मीच सुचवलं होतं. मावश्यांपैकी एक म्हणाली, मग मी येत नाही. तिचा नवरा वारलाय. आमच्या फायलींतल्या सगळ्यात अडचणीतल्या बायका एकल, आणि आमचं निमंत्रण नेमकं त्यांनाच बाहेर ठेवणारं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला होता, तो सगळ्यांनी टाळ्या वाजवून वाचलेला. तरी सुचलं हेच.

कार्यक्रम केला, पण कुंकू त्याच मावशीने लावलं. काही जणी आपापलं वाण घेऊन गप्पपणे निघून गेल्या. बऱ्याचशा थांबल्या. गावात हे झालं असतं असं वाटत नाही. थळावर सासऱ्याची, भावकीची नजर नसते, त्याचा फायदा मिळाला.

२० मार्च

यंदा ऊस कमी, पट्टा लवकर पडला. हिशेब सुरू.

डिसेंबरपासून मावश्यांना वह्या दिल्या होत्या. वजनाच्या पावत्या, खर्ची, खाडे, सगळं बाईने नाहीतर शाळेत गेलेल्या पोराने उतरवायचं. समाजकार्याच्या कुठल्याच फॉर्मात हे येत नाही, आम्हालाही ते बाजारात बोलता बोलता सुचलं. गणित सोपं : टनाला ३६६ रुपये, म्हणजे जानेवारी २०२४ च्या ३४ टक्के वाढीनंतरचा दर. एक कोयता दिवसाला दीड-दोन टन. त्यातून खर्ची आणि खाडे वजा. उचल किती फिटली, बाकी किती फिरली (अंगावर राहिली), हे बाईलाही मांडता येतं.

काही वह्यांचा मुकादमाच्या हिशेबाशी मेळ बसला, काहींचा नाही. जिथे बसला नाही तिथे बोलणी झाली, थोडी रक्कम सुटली, एका ठिकाणी टोळी फुटायची वेळ आली. हाही धोका लिहून ठेवतो. मारहाण नसलेल्या, नुसत्या रोजच्या भांडणांच्या फायलींत मात्र एक फरक दिसला. पैसे गेले कुठे यावर एकमेकांवर खेकसणारी जोडपी एकाच वहीकडे बघून भांडू लागली. हे सुधारणं म्हणायचं की नाही, यावर आमच्यात एकमत नाही.

१९ एप्रिल

महाविद्यालयाकडून फिल्डवर्कला आलेल्या विद्यार्थिनीची नोंदवही परत आली. ठरलेल्या संख्येने वैयक्तिक मुलाखती हव्यात, आणि तिच्या नोंदींत मध्येच आत्या बोलते, मावशी बोलते, बाजारातली कुणी तरी बोलते. 'मुलाखतीचे स्वरूप नाही' असा शेरा. पोरीचे गुण अडकले.

आम्ही २०१४ मध्ये मेलबर्नला मान्य झालेली समाजकार्याची जागतिक व्याख्या छापून जोडली. तिच्यात समाजकार्याच्या आधारांमध्ये स्थानिक, मूळनिवासी ज्ञानाचाही उल्लेख आहे. त्यानंतर नोंदवही स्वीकारली, 'अपवाद म्हणून'. वाडीवरच्या बायकांशी वाडीवर बोलायला परवानगी मेलबर्नहून आणावी लागली, यावर कचेरीत दिवसभर हसू चाललं होतं.

दुसरं दुखणं संगणकाचं. देणगीदाराच्या प्रणालीत फाईल एक तर 'चालू' नाही तर 'बंद'. हंगामात निरोप थांबलेल्या फायली प्रणाली आपोआप बंद करते. 'गावाबाहेर' असा तिसरा पर्याय मागितलाय. उत्तर आलेलं नाही, तोवर दर महिन्याला एक कोरी नोंद घालून फाईल जिवंत ठेवतो.

२० मे

अक्षयतृतीया ३० एप्रिलला झाली, लग्नांचा जोर ओसरतोय. वय न भरलेल्या दोन पोरींच्या लग्नांची कुणकुण मावश्यांनीच आधी दिली. एक थांबलं, दुसरं आम्ही पोचायच्या आत दुसऱ्या गावात उरकलं गेलं.

फॉर्म आता चार पानांचा. सही-अंगठ्याचं संमतिपत्र, कुलपातलं कपाट आणि दर महिन्याला वरिष्ठांसमोर फाईल मांडणं या तिन्ही गोष्टी जुन्या पद्धतीतल्या. त्या तशाच ठेवल्या, त्यांना हात लावण्याचं कारण दिसलं नाही. सप्टेंबरच्या ओसरीवरची बाई पंचमीला माहेरी येईल असं तिच्या चुलत्याने सांगितलंय. कार्यकर्ती जाणार आहे, फॉर्म न घेता.

बाकी राहिलेली कामं : मावश्यांचं मानधन २,००० करणं. टायरगाडी (बैलांची) आणि ट्रॅक्टर टोळ्यांसाठी वहीचे वेगळे नमुने, कारण दोघांचे हिशेब सारखे नाहीत. बंजारा तांड्यावर बैठकीचे नियम लावताना नाईक-कारभाऱ्यांना (तांड्याच्या प्रमुखांना) कुठे बसवायचं, हे तिथल्या बायकांशी बोलून ठरवणं. नवी छपाई पोळ्यानंतरच, कारण त्याआधी टोळ्यांची जुळवाजुळव आणि उचलीचे आकडे बदलत राहतात, आणि छापलेला कागद पुन्हा वाया जातो.